आत्याचा घास

त्या आठवड्यात मी चीनमधल्या भुतांच्या सणावर धडा लिहीत होते. कर्जतला घरी बसून मुलांसाठी इंग्रजी धडे लिहिणं हे माझं काम. हा सण त्यांच्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बुद्धाच्या एका शिष्याला त्याची मेलेली आई उपाशी दिसली. त्याने भात दिला, पण तोंडाशी नेताच त्याचे निखारे झाले. बुद्ध म्हणाला, तुझ्या एकट्याने होणार नाही, या पौर्णिमेला सगळ्या भिक्षूंना जेवू घाल. तेव्हापासून लोक पितरांसाठी जेवण मांडतात, कागदाचे कपडे जाळतात, नदीत दिवे सोडतात. ज्यांच्या मागे कुणी नाही, त्यांच्यासाठीही दाराबाहेर ताट असतं. नाटक असलं तर पहिली रांग भुतांसाठी रिकामी सोडतात.

धडा तिथेच अडला. मी सारखी उठून पाणी पीत होते. सर्वपित्री दोन दिवसांवर आली होती, आणि आमच्याकडे तीन पानं निघतात: आजोबांचं, आजीचं, माझ्या बाबांचं. आत्याचं निघत नाही. मला शाळेत सोडणारी, माझ्या वेण्या घालणारी आत्या. तिचं लग्न झालं नव्हतं, म्हणून. ती गेल्यावरच्या पहिल्या सर्वपित्रीला मी गप्प बसले होते.

अमावास्येला काकी वडे तळत होती आणि काका केळीच्या पानाचे तुकडे करत होते. मी तीनदा आत जाऊन परत आले.

"काय गं, पायाला भिंगरी लागलीय?" काकी म्हणाली.

मी काकांकडे न बघता म्हटलं, "आत्याचं पण एक कापा ना."

काकांची सुरी थांबली. "आपल्यात तसं नाय ठेवत."

"चीनमध्ये ठेवतात. ज्यांचं कुणी नाही त्यांचंही."

"म्हंजे आता आपले पितर चीनवाल्यांना विचारून जेवनार?"

"फोन चालतो ना तुमाला चीनचा," काकी कढईतून नजर न काढता म्हणाली.

काका हसले नाहीत. "आणि तिचं कुनी नाय, असं कोन म्हनतं? मी भाऊ हाय तिचा."

"मग?"

मी विचारलं. काका सुरी तिथेच ठेवून बाहेर गेले. चौथं पान मी कापलं, वाकडंतिकडं.

पडवीच्या पत्र्यावर चारही पानं ठेवली. कावळे आले, तीन पानांना शिवले, चौथ्याकडे बघून उडाले. कावळा शिवेपर्यंत आमच्या घरात कुणी जेवत नाही. पण मी कापलेलं पान त्यात धरलेलं आहे का, हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीर उरला नव्हता. मी अंगणात नुसती येरझाऱ्या घालत राहिले.

"दोन वाजले, वाढते आता," काकीने आतून हाक दिली.

"थांब गं," अंगणात येत काका म्हणाले. "एक पान राहिलंय अजून."

मग पत्र्याकडे तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "ये गं बाय, ये! पोरगी उपाशी हाय."