तारांत अडकलेला तिळगूळ

माझ्या घरच्यांनी मला तोंड उघडून हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही नुकसान झालं असं मला तरी वाटत नाही.

माझे वरचे पुढचे दोन दात लहानपणापासून घाईतले. मी दारात पोचायच्या आधी ते पोचायचे! आई म्हणायची, "हिची हनुवटी पावसात भिजत नाही, वर छज्जा आहे!" तेव्हापासून तोंडावर पदर धरायची सवय लागली. (पदर नव्हता त्या वयात फ्रॉकची बाही धरायची. माझ्या सगळ्या फ्रॉकांची उजवी बाही चावलेली असे.) चौथीपर्यंत शाळेत गेले, पण 'हजर' सोडून वर्गात एक शब्द बोलल्याचं आठवत नाही. 'हजर'सुद्धा ओठ मिटून म्हणायची. गुरुजी बरेचदा गैरहजर मांडायचे.

मला बघायला माणसं आली तेव्हा आईने बजावलं, "विचारतील तेवढंच बोल, आणि ओठ मिटून बोल." ओठ मिटून कसं बोलायचं ते काही तिने सांगितलं नाही, म्हणून मी बोललेच नाही. 'मुलगी फार गंभीर आहे' असं म्हणून यांनी होकार दिला. हे अजून म्हणतात, "फसवलं तुम्ही लोकांनी मला!" हसून म्हणतात म्हणा. त्यांचे दात सरळ आहेत, त्यांना हसायला काय जातंय!

तर असे पदराआड दिवस छान चालले होते. मग आमच्या मंदारचं लग्न ठरलं. मुलगी इथल्याच, ग्वाल्हेरच्या माधवगंजातली, ऋचा नाव, माणसं आपलीच, मराठी. दोघांनी आपसांतच ठरवलं होतं, आम्हाला फक्त 'हो' म्हणायचं काम होतं. एका संध्याकाळी मंदार जुने फोटो काढून बसला. ऋचाला पाठवायला त्याला आईचा एक चांगला फोटो हवा होता. मुंजीतला काढला, पदर. बारशातला काढला, पदर. फूलबागेत सहलीला गेलो होतो तिथला काढला, तर पदर तर होताच, वर यांचा रुमालही धरलेला!

"आई, ये क्या है?" मंदार म्हणाला. "एकाही फोटोत तोंड नाही तुझं! डाकू लग रही हो। बीहड़ से सीधे उतरके आई हो जैसे!"

चंबळ आणि तिथल्या डाकूंच्या घळी आमच्यापासून काही फार लांब नाहीत, त्यामुळे ही थट्टा इकडे कुणालाही समजते. हे तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पण हसले. पदराआडून.

पण रात्री पोळ्या लाटताना मनात आलं, लग्नात सूनमुख बघायचं असतं. सुनेला जवळ घेऊन आरशात तिचं तोंड बघायचं, आणि त्याच आरशात सासूचंही तोंड दिसतं. तिथे पदर धरून बसले तर सून म्हणेल, बाई मला बघायला आली की लुटायला? एकदा तरी, त्या एका आरशापुरतं, मला तोंड उघडून हसायचं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. मंदारला एवढंच म्हटलं, "दातांचं काही करतात का रे मोठ्या माणसांना?"

तो दुसऱ्याच दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणजे एक मुलगी, माझ्या भाचीएवढी. "आंटी, मुँह खोलिए।"

मी मंदारकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघायला लागला. मी डोळे मिटून तोंड उघडलं. परक्या माणसासमोर असं करायची ही माझी पहिलीच वेळ! ती काही हसली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बस इतना ही? ये तो हो जाएगा।" मला तिथेच रडू यायला लागलं. तिला वाटलं दुखतंय.

तारा बसवायच्या दिवशी तिने विचारलं, "आंटी, तारों पे जो छोटे रबर लगते हैं, वो कौन से कलर के लगाऊँ?" आणि रंगांची एक पट्टीच समोर धरली. निळे, गुलाबी, पांढरे, हिरवे. आता मला काय ठाऊक की मोठी माणसं पांढरे लावतात! मला वाटलं, लग्नघर आहे, हिरवा चुडा भरतात तसंच हे असणार. बांगड्यांच्या दुकानात दाखवतात तसं मी ऐटीत बोट दाखवलं. हिरवा.

"पक्का, आंटी?"

मी मान डोलावली. शुभ कामात उगाच शंका कशाला?

मग तिने पथ्य सांगितलं. कडक काही खायचं नाही, चिकट काही खायचं नाही. "और गजक तो भूल ही जाइए।" ऐन थंडीत! ग्वाल्हेरात! तीळ-गुळाच्या खुसखुशीत गजकेचे डबेच्या डबे ज्या गावात घराघरांतून रिकामे होतात, तिथे राहून मी गजक भुलू? पण भुलले. आरशासाठी.

घरी आले तर हे म्हणाले, "अगं, दाताला मेथी लागलीय."

"बाबा, मेथी नहीं है। ट्रीटमेंट है।" मंदार म्हणाला.

समोरच्या गुड्डी भाभीने खिडकीतून बघितलं आणि ओरडून सांगितलं, "दीदी, धनिया फँसा है!" मी पदर वर घेतला. आता पदराला नुसते दातच नाही, अख्खी भाजीमंडई झाकायची होती.

साखरपुडा ठरला तो संक्रांत होऊन गेल्यावर आणि रथसप्तमी यायच्या आधी. म्हणजे अजून तिळगुळाचेच दिवस. ऋचाच्या घरी, त्यांच्या मोठ्या खोलीत. मी ठरवलं होतं की त्या दिवशी काही खायचं नाही, काही बोलायचं नाही, नवा जरीचा पदर तोंडाशी धरून बसायचं आणि साखरपुडा पार पाडायचा. तारांचं लग्नापर्यंत सांगू सावकाश.

मला काय माहीत की मुलाच्या आईने साखरपुड्यात गप्प बसणं म्हणजे काय असतं!

चिवड्याची बशी आली. कडक! मी हाताने 'नको'. बेसनाचा लाडू आला. चिकट! मान हलवून 'नको'. ऋचाची आई जरा कावरीबावरी झाली. तिने आत जाऊन कुजबूज केली आणि आतून ऋचाची आत्या बाहेर आली. उंच, धिप्पाड, नाकात मोठी नथ. या आत्याबाई त्यांच्या घराण्यातल्या विहिणींचे रुसवे काढण्यात मुरलेल्या. त्यांनी मला लांबूनच एकदा पाहिलं आणि निदान केलं, "रुसल्यात."

मला सगळं ऐकू येत होतं. 'नाही हो, रुसले नाही' एवढं म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. पण समोर पन्नास माणसं आणि माझ्या तोंडात कोथिंबीर! मी आणखी खाली मान घातली.

"बघितलंत? मान खाली. पक्क्या रुसल्यात," आत्याबाई म्हणाल्या. "मानाची दिली ती साडी आवडली नसेल. दुसरी आणा."

दुसरी साडी आली. मी घाबरून दोन्ही हातांनी 'नको, नको' केलं. "रंग पसंत नाही," आत्याबाई म्हणाल्या. तिसरी आली! ही बहुतेक ऋचाच्या आईची स्वतःची ठेवणीतली असावी, कारण ती देताना तिचे डोळे साडीवरून हलत नव्हते.

मी यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी सांगितलं, काहीतरी बोला. इतक्या वर्षांचा संसार आमचा, माझा इशारा बरोबर समजले. घसा खाकरून म्हणाले, "तिचं तसंच असतं. तिच्या मनातलं कुणाला कळत नाही." झालं! होती ती आशाही गेली.

मग आत्याबाई स्वतः माझ्यापुढे येऊन बसल्या. हातात चांदीची वाटी, वाटीत गजक. गोड हसून म्हणाल्या, "विहीणबाई, तिळगूळ घ्या, गोड बोला."

आता सांगा, काय करायचं? लाडू नाकारता येतो. साडी नाकारता येते. पण तिळगूळ? 'गोड बोला' म्हणून दिलेला तिळगूळ नाकारायचा म्हणजे गोड बोलायचं नाही, असं चारचौघांत जाहीर करायचं. ऋचा पाटावरून माझ्याकडे एकटक बघत होती. मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंची माफी मागितली आणि गजकेचा तुकडा पदराआड नेऊन तोंडात टाकला. हळू चघळू म्हटलं. पण त्या चवीची आठवण माझ्या दाढांना माझ्याहून जास्त होती. त्यांनी कचकन चावा घेतला.

आणि वरचे दात खालच्या दातांना भेटले ते सुटेचनात! गूळ तारांत, तीळ रबरांत. मी जीभ फिरवली, तीही जरा वेळ अडकली. घाईघाईने पदर घट्ट दाबला, तर पदराची जर तारेच्या आकड्यात गुंतली. आता तोंडही उघडेना आणि पदरही सुटेना!

"बोला ना विहीणबाई, गोड बोला," आत्याबाई.

मी म्हटलं, "हूँ."

"नुसतं हूँ?" आत्याबाईंचं हसू मावळलं. "तिळगूळ घेऊनही?"

मग ऋचाचे बाबा उठले. गरीब स्वभावाचे गृहस्थ, माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. "ताई, आमचं काही चुकलं असेल तर सांगा. मनात ठेवू नका. एक शब्द बोला फक्त."

एक शब्द! अहो, मी हजार बोलले असते! मी जोर केला, तर तारेचं टोक गालात टोचलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडतायत!" कुणीतरी मागून म्हणालं.

"आई?" मंदार लांबून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, क्या हुआ? तुला ऋचा पसंत नाही का?"

ऋचाच्या बाबांनी क्षणभर डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाले, "ताईंच्या मनात नसेल तर आपण इथेच थांबू. मुलीला रडत्या घरात नाही पाठवायची मला." आणि पाटावरची अंगठीची डबी त्यांनी उचलून मिटली.

ती डबी मिटली त्याचा आवाज बारीकच होता. पण मला तो शाळेच्या घंटेसारखा ऐकू आला. माझ्या लाजेपायी माझ्या पोराचं लग्न मोडत होतं! मी उभी राहिले. दोन्ही हातांनी पदर धरला आणि ओढला. टर्रर! जरीचा धागा तुटला. मग दोन्ही अंगठे हनुवटीवर रोवले आणि देवाचं नाव घेऊन जबडा उघडला. कट्ट!

पन्नास माणसांसमोर माझं तोंड, पहिल्यांदा, पूर्ण, घशापर्यंत उघडं.

फोटोवाल्याने क्लिक केलं. (बिचाऱ्याचं कामच ते!)

आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, ही हिरवी हिरवी कसली पेरणी?"

आणि ऋचा हसली. पाटावरून उठून धावत आत गेली आणि गरम पाण्याचा पेला घेऊन आली. "काकू, चूळ भरा, गूळ पाघळेल. मलापण लागल्या होत्या तारा, नववीत. मी चिक्की खाल्ली होती!" मग तिने माझी हनुवटी हातात धरली आणि आकड्यातून जरीचा धागा अलगद सोडवायला लागली. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्या तोंडात. सूनमुख आमच्यात लग्नात बघतात. आमच्याकडे सासूमुख आधी बघून झालं!

जीभ मोकळी झाल्यावर मी पहिलं वाक्य बोलले, "पसंत आहे. फार पसंत आहे. अंगठी काढा!"

ऋचाच्या बाबांनी डबी इतक्या घाईने उघडली की अंगठी घरंगळून चिवड्यात गेली. आत्याबाई हसता हसता नथ सावरत म्हणाल्या, "मग साडीचं काय?" मी दुसरी आणि तिसरी दोन्ही परत केल्या. तिसरी परत घेताना ऋचाच्या आईने मला मिठीच मारली.

लग्न वैशाखात झालं. डॉक्टरीणबाईंनी तुटलेली तार नीट बसवली, दोन गोष्टी ऐकवल्या आणि मला न विचारता पांढरे रबर लावले. आता आरशात हसायला मी मोकळी होते. सूनमुखाचा आरसा समोर आला, ऋचा त्यात हसली, मीही हसले, मनापासून, आणि काय सांगू, तेवढ्यात माझा हात सवयीने आपोआप पदर घेऊन वर गेला! अल्बम आला तर सगळ्या फोटोंत पदर. सगळ्या! हे म्हणाले, "चला, घरचीच बाई आहे, ओळख पटली."

अख्ख्या लग्नसमारंभात माझा उघड्या तोंडाचा फोटो एकच निघाला. साखरपुड्यातला. सुनेने तो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलाय, येणारा प्रत्येकजण आधी तोच बघतो. हिरवे रबर, त्यांवर तीळ, आणि मधून लोंबणारा जरीचा धागा. ज्या दातांसाठी एवढं केलं, ते तेवढे कुठे दिसत नाहीत.

परवा मंदार त्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "आई, एक बात है। अब डाकू नहीं लगती।"

खरंच आहे. डाकूंना निदान तोंड झाकायची अक्कल असते!