रकाना अकरा

सव्वीस वर्षं शाळा तपासून तपासणीबाई निवृत्त झाल्या. बाकं मोजली, हजेरीपट चाळले, भल्याभल्या मुख्याध्यापकांना घाम फोडला. आता जरा स्वस्थ बसू, असं त्या म्हणत होत्या. तेवढ्यात सुनेला शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली आणि बाईंच्या स्वस्थतेवर पाणी पडलं.

नोकरी एक, शाळा तीन. दोन-दोन दिवस वाटून दिलेले. सून संध्याकाळी यायची ती धुळीनं माखून. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, तिसऱ्या शाळेतलं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालचं एक लोखंडी कपाट आहे. बाईंना वाटलं, पोरगी तिखटमीठ लावून सांगतेय. दुसऱ्या दिवशी त्या तिच्याबरोबर गेल्या. किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. तासाभरानं कपाट उघडलं तर आत फुटका ढोल, गुंडाळलेले नकाशे आणि तेवीस पुस्तकं. त्यातली अकरा एकाच व्याकरणाच्या प्रती.

त्याच आठवड्यात बाईंनी शिक्षण खात्याला अर्ज धाडला. मागण्या दोनच. शालेय ग्रंथालयांसाठी राज्यपातळीवर एक स्वतंत्र अधिकारी नेमा, आणि अर्थसंकल्पात त्यांच्या नावानं वेगळा निधी ठेवा. शाळांवर सोडलं तर छताचे पत्रे आधी येतात, नळ आधी येतो, पुस्तकांची पाळी येतच नाही, हे त्यांनी दोन पानांत समजावलं. आठ महिने उत्तर नाही. चौकशीला फोन केला की अर्ज कधी या टेबलावर असायचा, कधी त्या. शेवटी बाई बस पकडून थेट राजधानीतल्या मुख्य कार्यालयात गेल्या.

तिथला उपसंचालक एकेकाळी त्यांच्या हाताखाली होता. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, घरची विचारपूस केली. मग एक फाईल काढली.

"बाई, मागणी रास्त आहे. पण आमच्या दप्तरी प्रत्येक शाळेत ग्रंथालय आहे. असलेल्या गोष्टीला पैसा कशाला, असं अर्थखातं विचारतं. त्यांना काय सांगू?"

त्यानं फाईल त्यांच्याकडे वळवली. तीच जिन्याखालच्या कपाटाची शाळा. रकाना अकरा, ग्रंथालय: आहे. खाली बाईंची गोल, घोटीव सही.

फॉर्मात 'आहे' आणि 'नाही' असे दोनच शब्द असायचे. 'नाही' लिहिलं की शाळेचं अनुदान अडायचं. कपाट तर होतं, म्हणून ते न उघडताच बाई 'आहे' लिहीत गेल्या. आपण शाळेवर उपकारच करतोय असं त्यांना वाटायचं. चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. सून इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला माहीत होतं, आई. रुजू झाले तेव्हाच जुने अहवाल पाहिले होते. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग काढायचा कुणावर? त्यांनी पिशवी उचलली आणि पुन्हा शाळा पालथ्या घालायला लागल्या. पाच महिन्यांत बासष्ट शाळा झाल्या. चौपन्न ठिकाणी ग्रंथालय नव्हतं. अशा प्रत्येक शाळेसाठी त्यांनी लिहून दिलं की माझा अमुक तारखेचा शेरा चुकीचा होता, तो बदलावा. खात्याचं उत्तर मात्र पंधरा दिवसांत आलं: निवृत्त अधिकाऱ्यास जुने अहवाल दुरुस्त करण्याचा अधिकार नाही.

अर्थसंकल्पाआधी आमदारांच्या समितीपुढे कुणालाही तीन मिनिटं बोलता येत असे. बाईंनी नाव नोंदवलं. चार तास बाकावर बसल्यावर त्यांची पाळी आली.

"तुमच्या कागदावर जी ग्रंथालयं आहेत, त्यातली बरीच मी माझ्या पेनानं बांधलीत," त्या म्हणाल्या. "ती खोटी आहेत. माझी चौकशी करायची तर करा. पण त्या सहीच्या आड लपून मुलांचा पैसा अडवू नका."

एका सदस्यानं खरंच चौकशीबद्दल विचारलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

चार महिन्यांनी आदेश निघाला. राज्यात शालेय ग्रंथालय कक्ष स्थापन झाला होता. त्याचा अतिरिक्त कार्यभार क्रीडा अधिकाऱ्याकडे. खर्च उपलब्ध तरतुदीतून भागवायचा, म्हणजे कशातूनच नाही. कक्षाच्या पहिल्याच पत्रानं सुनेला चौथी शाळा मिळाली. ते पत्र तिनं जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं आणि न जेवता उठली.

दुसऱ्या सकाळी बाई क्रीडा अधिकाऱ्यासमोर हजर. माणूस सरळ होता. मैदानामागच्या खोलीत, हवा गेलेल्या चेंडूंच्या पोत्यांत बसलेला. हे काम आपल्याकडे का आलं, हे आपल्यालाही कळलेलं नाही, असं त्यानं कबूल केलं. पुढच्या अर्थसंकल्पासाठी निधीची मागणी कधी पाठवायची असते, असं बाईंनी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं फोन करून विचारलं. मुदत परवा संपत होती.

"कागद द्या," बाई म्हणाल्या. "मी लिहिते, सही तुम्ही करा. पण करण्याआधी नीट वाचा."

त्या इतक्या दाबून लिहायला लागल्या की दुसऱ्याच ओळीला कागद फाटला. त्यांनी दुसरा मागितला.