सव्वा महिन्याची तयारी

तीन दिवस हा माणूस माझ्या दारात येऊन उभा राहत होता. सकाळचे नऊ, मी अंगणवाडीत निघायच्या घाईत, की हे हजर. हातात वाटी, वाटीवर रुमाल. "काय भाऊ?" विचारलं की मान खाली. "काही नाही वैनी, असंच." आणि आल्या पावली परत. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण हा भांडं पुढे धरून ताकाचं नाव घेईना!

"भगवानराव, आज सांगतल्याबिगर हलू नका," मी म्हणाले. "प्रसाद असन त द्या, चटणी पायजे असन त मांगा. मले उशीर होऊन राह्यला."

त्यांनी रुमाल काढला. वाटीत एकच लाडू होता. मी उचलून दाताखाली धरला आणि दाढ अशी कळवळली म्हणता! डिंकाचा लाडू, पण डिंक तळलेलाच नाही. कच्चा कुटून तसाच गुळात घातलेला.

"कोण्या बाईनं केला हा?"

भगवानरावांनी जमिनीकडं पाहत स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

आता हे भगवानराव कोण ते सांगते, म्हणजे मला हसू का आलं नाही ते कळेल. वडनेर भोलजीत आमच्या समोरचंच घर त्यांचं. वय अठ्ठावन्न, सहा एकर रान, शेतीत कोणाच्या बापाला हार जायचे नाहीत. पण बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. एकदा नांदुऱ्याहून येताना कंडक्टरला 'थांबवा' म्हणायची लाज वाटली म्हणून पुढच्या फाट्यावर दुसऱ्या कोणाबरोबर उतरले आणि उन्हातून चालत परत आले. किराणा दुकानात मागून आलेली माणसं सामान घेऊन जायची, हे आपले पिशवी धरून उभे. तीस वर्षं त्यांच्या वाट्याचं सगळं त्यांची बायको बोलली. ट्रॅक्टरवाल्याशी ती, तलाठ्याशी ती, भांडणातही तीच. ती मागल्या वर्षी आठ दिवसांच्या आजारात गेली आणि या माणसाची वाचाच गेली म्हणा ना.

मागे राहिली एक लेक, काजल. ती मेहकरला दिलेली.

त्या दिवशी लाडवापाठोपाठ त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्या हातात ठेवला. तलाठ्याला अर्ज करावा तसं लिहिलं होतं. 'काजलले सातवा लागत आहे. विहीणबाईचं म्हणणं की तुमच्या घरात बाई नाही, बाळंतपण इकडेच करू. काजल फोनवर रडते, म्हणते बाबा मले घरीच येऊ द्या. तरी खालील माहिती मिळावी.' खाली अकरा प्रश्न. लाडू कडक का होतात. बाळंतिणीला पहिले पाच दिवस काय द्यावं, काय देऊ नये. बाळाला आंघोळ कशी घालतात. शेक कशाचा. अक्षर बारीक, पण एकेक प्रश्न नेमका.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. दवाखाना आता नांदुऱ्याला असो की मेहकरला, तो दोन-तीन दिवसांचा. खरं माहेर लागतं ते पुढच्या सव्वा महिन्यासाठी. आणि त्या सव्वा महिन्यातलं काही म्हणजे काही पुरुषाला माहीत नसतं, विचारायचीही सोय नसते.

माझा जीव कळवळला. पण मी कागद परत केला.

"भाऊ, मले वाचता येते. सांगताही येते. पण उद्या पोरीले ताप भरला त डॉक्टरीणबाईले चिठ्ठी देसान का? तोंडानं विचारा, तवाच सांगीन."

त्यांनी कागदाची घडी केली, वाटी उचलली आणि गेले. दिवसभर अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना मी स्वतःला शिव्या घालत होते. काय गरज होती गीताबाई तुला एवढं ताठ वागायची? बिचारा चार दिवसांनी कागदापर्यंत आला होता. आता पुन्हा येतो कशाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलेलं. आम्ही सात-आठ बाया हंडे लावून उभ्या. भगवानराव समोरून आले, हंडा न घेता. नळापासून चार हातांवर थांबले. घामानं नुसते डबडबलेले.

"वैनी! डिंक कसा तळतात?"

एवढ्या मोठ्यानं की पारावरचे म्हातारेही वळून पाहायला लागले. आवाज मध्येच चिरकला. पण प्रश्न पुरा झाला होता.

मग एकदम चौघी बोलल्या. "तूप चांगलं तापू द्या." "थोडा थोडा टाका, लाहीवाणी फुलला पायजे." बिस्मिल्लाबी म्हणाली, "आंच कम रखो भाईसाब, नाही त बाहेरून जळते अन् मंधात कच्चा राह्यते." त्यावर दुसरीचं म्हणणं मेथी आधी दुधात भिजवा, तिसरी म्हणे छे, तुपात भाजा. सहा बायांच्या सात रीती! भगवानराव मध्ये उभे राहून लिहून घेत होते. पाणी गेलं तरी कोणाचं लक्ष नाही. नंतर त्यांना बघितलं तर कपाळाचा घाम पुसत होते, पण मान वर होती.

खरा डोंगर पुढेच होता. गोजरबाई.

गोजरबाई म्हणजे आमच्या गावात बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी, न्हाऊ घालणारी. सत्तरीची, तोंडानं महाफटकळ. तिचा शब्द असल्याशिवाय बाळंतपणाची तयारी पुरी होत नाही. मी म्हणाले, "मी नाही येत बरोबर. तुमीच जा." गेले. मी मागून हळूच गेले, ते वेगळं. गोजरबाई चार जणींत शेवया वळत बसलेली.

"गोजरमावशी, काजलले सव्वा महिना न्हाऊ घालाले याल का?"

"काऊन नाही येणार? अन् मी एखाद्या दिवशी आजारी पडली त?" गोजरबाईनं डोळे बारीक केले. "मंग काय तुमी घालसान का आंघोळ?"

बाया खो खो हसायला लागल्या. एकीला तर ठसका लागला. मला वाटलं, गेला हा माणूस आता, पुन्हा सहा महिने घराबाहेर पडत नाही. भगवानराव कानापर्यंत लाल झाले होते. पण पाय हलवला नाही. हसू ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले,

"पोरीची तुमी करा, मावशी. लेकराची मले शिकवा. एखाद्या रोजी तुमी नाही आल्या त लेकरू पारोसं काऊन ठेवा?"

गोजरबाईच्या हातातली शेवई तशीच राहिली. "शिकता?"

"हाव. शिकतो."

मग काय, भगवानरावांच्या अंगणातच शाळा भरली. पाटावर बसून पाय लांब केलेले, पायांवर शेतातलं तीन किलोचं कोहळं. डाव्या हाताच्या पंजात त्याचा देठ, म्हणजे बाळाची मान. उजव्या हातानं कोमट पाणी. गोजरबाई ओट्यावरून ओरडते, "मुंडी धरा, मुंडी! नाकात पाणी जाईन ना बुवा!" येणारेजाणारे थांबून बघायचे. मी एकदा म्हणाले, "भाऊ, कवाड त लावून घ्या. लोक हासून राह्यले."

"राहू द्या वैनी. कवाड लावलं त चुकलं कोण सांगन?"

तिसऱ्या दिवशी साबणानं हात निसटला आणि कोहळं फुटलं. साऱ्या गल्लीनं त्या दिवशी कोहळ्याची भाजी खाल्ली, हसत हसत. भगवानराव मात्र हसले नाहीत. पांढरेफटक पडून फुटक्या कोहळ्याकडं पाहत राहिले, मग उठून शेतात गेले आणि दुसरं घेऊन आले. ते शेवटपर्यंत टिकलं.

सातव्यात मेहकरला काजलची ओटी भरायची होती. साडी-चोळी घेऊन मी आणि भगवानराव निघालो. चिखलीच्या स्टँडवर मेहकरची गाडी कोणती, हे त्यांनी स्वतः कंडक्टरला विचारलं. मी मुद्दाम गप्प होते.

घर बायांनी भरलेलं. काजल चौरंगावर हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून, पण नजर सारखी दाराकडं. तिच्या सासूबाई झुंबरबाई, धिप्पाड, स्पष्ट बोलणारी बाई. वाईट मुळीच नाही, सुनेला जीव लावणारी. ओटी भरून झाली तसे भगवानराव पुरुषांतून उठून आत आले, बायांच्या बैठकीत. कुजबुज थांबली.

"विहीणबाई, काजलले घिऊन जातो. परवानगी द्या."

झुंबरबाईनं त्यांना बसायला पाट दिला. मग सगळ्यांसमोरच म्हणाली, "राग मानू नका भगवानराव. तुमची माया मले समजते. पण घरात बाई नाही. बाळंतिणीचं शंभर गोष्टीचं दुखणं. ती तुमाले सांगाले लाजीन, अन् तुमी विचाराले लाजसान. दोघं बापलेक गप्प बसले त पोरीच्या जिवावर बेतन."

यात खोटं काय होतं? मी भगवानरावांकडं पाहिलं.

"लाडू येतात मले," ते म्हणाले. "शेक येते. लेकराची आंघोळ येते. पोरीचं गोजरमावशी करन, तिनं हाव म्हटलं. दवाखान्याचं या गीतावैनी पाहतात. पण सारं नाही येत, विहीणबाई. म्हणून तुमालेच मांगतो. पहिले बारा दिवस तुमी चला माह्या घरी."

बायांत एकच खळबळ. आमच्याकडं विहीण म्हणजे मानपानाची, पाय धुऊन पाटावर बसवायची. तिला सुनेच्या माहेरी राबायला बोलावतं का कोणी? काजलनं पदर तोंडाला लावला. झुंबरबाईचा चेहरा ताठ झाला.

"एवढे शिकले म्हणता," ती सावकाश म्हणाली, "मंग असं काय राह्यलं की मलेच नेता?"

भगवानरावांचा आवाज बारीक झाला, पण शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेला.

"तिले आईची सय येईन. येईनच ना, अशा टायमाले. ती रडली त काय करा, ते मले कोणीच सांगतलं नाही. मीही कोणाले इचारलं नाही. तिच्या आईले माहीत असतं."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. माझ्या शेजारची अनोळखी बाईही डोळे पुसत होती. झुंबरबाईनं पदर नाकाला लावला, खाकरली, आणि दरडावल्यासारखं बोलली,

"रडली त रडू द्याची. जवळ बसाचं. काही बोलाचं नाही." मग तिच्या ओठांवर हसू आलं. "तेवढं त तुमाले येतेच!"

सारं घर हसलं. भगवानरावही हसले, आणि हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी चारचौघांत लपवलं नाही.

"बारा दिवस मी येईन," झुंबरबाई म्हणाली. "पण माही एक अट हाये. लाडू तुमीच करजा."

तोवर काजल चौरंगावरून उठलीही होती. ओटीतलं खोबरं-तांदूळ सांभाळत, कोणाला काही न विचारता, ती आत जाऊन बॅग भरायला लागली होती.