सरांचं वाक्य

मार्कशीटची प्रत घ्यायला जुन्या कॉलेजात गेले आणि सहज लॅबमध्ये डोकावले. आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे सर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत होते. सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरने त्यांचं चित्र नाकारलं होतं आणि खाली मराठीत लिहिलं होतं, ‘हे तुला जमणार नाही.’

याच लॅबमध्ये माझी एक जोडणी चुकली, तेव्हा सगळ्या वर्गासमोर सर मला हेच म्हणाले होते. अपमान विसरून जावा म्हणतात. मला तो वापरायचा होता. हे सॉफ्टवेअर मोफत आणि सगळ्यांना खुलं, त्याचं मराठी भाषांतरही कुणीही करावं. मी केलं. चूक झाल्यावर दिसणाऱ्या सूचनेच्या जागी सरांचं वाक्य जसंच्या तसं घातलं. तपासणारं कुणी नव्हतं.

सरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

“कुणी लिहिलंय हे?” ते पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. मी दारात उभी राहून ते पोटभर बघून घेतलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या पडद्यावरही ते वाक्य उमटलं. तिने कुणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघितलं आणि हळूच कॉम्प्युटर बंद केला. मी त्या दिवशी वही मिटली होती, अगदी तशीच.