येतो शनिवारी

निरोप शाळेच्या फोनवर आला आणि तो हरिबा शिपायानं घेतला, तिथंच सगळा घोळ झाला. शनिवारची सकाळची शाळा सुटत आली होती. मी सातवीच्या वर्गात फळा पुसत होते. हरिबा दारात येऊन म्हणाला, "बाई, कोल्हापुरातनं फोन हुता. तुमचं भाऊ गाडीत बसून गेलं म्हणं." लाईनमध्ये खरखर फार होती, पुढचं काही कळलं नाही, असंही तो म्हणाला. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं? कित्येक वर्षं आप्पा माझ्या कानीकपाळी ओरडत होता की गाडी झाली की शनिवारी तुला गारगोटीहून न्यायला येतो. मला वाटलं, निघाला एकदाचा. मी हरिबाला म्हटलं, थांब थोडा, आता बघ कसली विलायती गाडी येतीय तुझ्या गारगोटीत. खोलीवर जाऊन तोंड धुतलं, इस्त्रीचं पातळ नेसले, आणि पिशवी घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिले. चार पोरी गंमत बघायला माझ्यासोबत थांबल्या. टप नसलेल्या गाडीत बाई कशा बसणार, पदर कसा धरणार, यावर त्यांची चर्चा चालली होती आणि मीही त्यात हसून बोलत होते... बऱ्याच वेळानं एक भाड्याची टॅक्सी आली. तिच्यातून आप्पाचा दोस्त दस्तगीर एकटाच उतरला. मी त्याला विचारलं, "कुठं बंद पडली?"  त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि टॅक्सीचं दार उघडून धरलं.

आप्पा सकाळी सोप्यातल्या गाडीत जाऊन बसला होता आणि बसल्या बसल्याच गेला. 'बसल्या बसल्याच' एवढं त्या खरखरीत गळलं.

आप्पा माझा थोरला भाऊ. शिवाजी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर आणि पुढं सोपा, म्हणजे ओसरी. आई-वडील लवकर गेले. त्याचं लग्न जमता जमता राहिलं. माझं जमलं, पण वर्षाच्या आत मी मोकळं कपाळ घेऊन परत आले. लोकांनी हळहळून झाल्यावर आप्पा एवढंच म्हणाला, "रडून झालं आसंल तर ट्रेनिंगचा अर्ज भर." मी मास्तरीण झाले ती त्याच्यामुळं. नोकरी मात्र गारगोटीला लागली. तेव्हापासून आम्ही दोन माणसं दोन गावांत दोन चुली पेटवत आलो. शनिवारी दुपारची एस.टी. पकडून मी कोल्हापूरला यायची, रविवारी संध्याकाळी परत. स्टँडवर तो मला पोचवायला यायचा आणि एस.टी. हलली की खिडकीपाशी म्हणायचा, "येतो शनिवारी." जाणारी मी, येणारी मी, आणि येतो म्हणणार हा! जातो कुणी म्हणू नये, पण ज्याला कुठं जायचंच नाही त्यानं कशाला येतो म्हणायचं? मी चिडवायची, तो हसायचा. हे गाडी घरात येण्याच्या आधीपासूनचं.

गाडी आली साठ-पासष्टच्या सुमाराला. एका इनामदारांच्या मुलानं ती विलायतेहून आणली होती, दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. त्यानंच ती हौसेनं खोलली, जुळवता येईना म्हणून तशीच टाकली आणि मुंबईला निघून गेला. आप्पा त्यांच्याकडं काही कामानिमित्त गेला होता. इनामदारीणबाई म्हणाल्या, गुळाच्या गोदामात उंदरं झालीत त्या सांगाड्यात, घेऊन जा एकदाचा. आप्पानं तो बैलगाडीत घालून आणला. पुढून सांगाडा आणि मागून पोत्यांत भरलेले नटबोल्ट. पेठेतल्या बायका कडेवर पोरं घेऊन बघायला आल्या. आप्पाचं लग्न राहिलेलं सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं त्याच दिवशी गाडीचं नाव 'वहिनी' पडलं. पुढं वर्षानुवर्षं, "काय आप्पा, वहिनींची तब्येत?" असं विचारल्याशिवाय कुणी दारावरून जात नसे. खंडेनवमीला तो तिला झेंडूची माळ घालायचा. चाकं नव्हती तेव्हा विटांच्या ठोकळ्यांना घालायचा.

त्याचं काम शिरोलीच्या एका फौंड्रीत. ओतीव वस्तूचा आधी लाकडी नमुना करतात, तो मातीत दाबून साचा घेतात, मग त्यात लोखंड ओततात. हा ते नमुने करायचा. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा ठेवायचा, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या भाषेत याला 'आट धरणं' म्हणत. त्यासाठी त्याच्याकडं एक वेगळी पितळी पट्टी होती, तिच्यावर ही आट आधीच धरलेली. त्या पट्टीवरचा फूट जगातल्या फुटापेक्षा सूतभर मोठा. हात तिला इतका बसलेला की घरातलं काहीही करताना तीच उचलली जायची. आमच्या कपाटाचं दार म्हणून कधी नीट बसलं नाही आणि पाट ओट्याखाली कधी गेला नाही. मी म्हणायची, "आप्पा, लाकूड आटत न्हाय रे." तो म्हणायचा, "व्हय की." आणि पुन्हा तेच.

तेच गाडीलाही नडलं. तिची मागची बाजू लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली असते. जुनी चौकट वाळवीनं खाल्लेली, म्हणून यानं सागवानाची नवीन केली. दोन वर्षं रविवार म्हणून पाहिला नाही. इतकं सुरेख काम की दस्तगीरनं त्यावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "आप्पा, हे झाकायचं म्हणजे पाप हाय." दस्तगीरचं पेठेत कुशनचं दुकान; दोघं लहानपणापासून तालमीतले जोडीदार. मग त्या दोघांनी पुढचं नाक आणून लावलं, तर जमेना. दारं लावली, तर फटीतून बोटं जायला लागली. दस्तगीर म्हणाला, "गाडी फुगली काय रं?" आप्पानं पट्टीकडं बघितलं आणि खाली बसला. त्या शनिवारी मी पोचले तेव्हा ती चौकट फोडून न्हाणीच्या चुलीपाशी रचून ठेवलेली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आज ऊन पाणी भरपूर हाय, न्हाऊन घे." दुसरी चौकट करायला पुन्हा तेवढाच काळ गेला.

मी कधी कधी रागवायची. सगळं सोडून हे काय खूळ, असं म्हणायची. पण खरं सांगायचं तर मला कळत होतं. सोमवार ते शुक्रवार त्या घरात दुसरा आवाज नव्हता. गारगोटीत माझ्या खोलीवर तरी घरमालकिणीची भांडणं ऐकू यायची. तो कामावरून यायचा, भाकरी स्वतः थापायचा, आणि मग त्या सांगाड्याशी बोलत बसायचा. एकदा मी न कळवता शुक्रवारीच आले. दारात उभी राहून ऐकलं. तो गाडीखाली पडून सांगत होता, "शकी उद्या येती. तिला कोथिंबीर लागती, आणाय पायजे." मी पाय वाजवत आत गेले. कोथिंबीर त्यानं दुसऱ्या दिवशी आणलीच.

इंजिन बोललं ते गेल्या दिवाळीच्या आधी. सोपा धुरानं भरला, शेजारच्या घरातली मांडणीवरची भांडी थरथरली, आणि सगळी पेठ गोळा झाली. "वहिनींनी तोंड उघडलं," असं कुणीतरी म्हणालं. आप्पा एका खोक्यावर बसून स्टिअरिंग धरून होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि धुरामुळं आहे म्हणत होता. मग त्यानं आपली सीट केली. राहिली डावीकडची.

आमची शेवटची भेट त्या सीटपायीच झाली. मला पाटावर बसवून त्यानं माप घेतलं. हातात पुन्हा तीच पितळी पट्टी बघून मी ओरडले, "अरे, पुन्हा? लाकडाला कशाला आट?"

"लाकडाला न्हाय गं, तुला धरलीया."

"मला?"

"मे महिन्यात रिटायर होणार. आयतं घरात बसून माझ्या हातचं खाणार. सुटशील की."

"अरे मग ती आट कसली? आट म्हंजे कमी होणं. इतकी वर्षं फौंड्रीत काय केलंस?"

तो खूप हसला. दोघं हसलो. संध्याकाळी स्टँडवर, खिडकीपाशी, नेहमीचं "येतो शनिवारी" म्हणाला आणि त्या वेळी पुढं हेही म्हणाला, "आता खरंच येतो." तोच तो शनिवार.

आता इतके आठवडे झाले. शाळा आहे, वर्ग आहेत, शनिवारची एस.टी.ही आहे. कुलूप काढून आत गेलं की आधी गाडीच दिसते. चूल मी एका माणसापुरती पेटवते, तशी आयुष्यभरच पेटवली, पण तेव्हा दुसरीकडं कुणीतरी दुसरी पेटवतंय हे ठाऊक असायचं. मला फार एकटं वाटतं. ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आप्पानं जाण्याआधी सांगाडा करून ठेवलेल्या डाव्या सीटवर दस्तगीरनं गेल्या रविवारी रेक्झिन चढवलं. शेवटची खिळी ठोकली आणि म्हणाला, "बसा ताई." इतक्या वर्षांत मी त्या गाडीत पहिल्यांदा बसले. उजवीकडची जागा रिकामी. आणि माझ्या दोन्ही अंगांना फट, हात जाईल एवढी. फुटाला एक सूत धरलं तरी एवढी फट येत नाही. बाकीची माझी मी आटले आहे, पोलकीसुद्धा सैल होतात हल्ली... दस्तगीरनं ते पाहिलं आणि म्हणाला, "कडेनं उशी भरून देतो, हलायचं न्हाय मग." मी म्हटलं, नको, त्यानं ठेवलीय तेवढी जागा राहू दे.

मग त्यानं जरा चाचरत विचारलं, "ताई, गाडी चालती. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी घिऊन येऊ का गारगोटीला? सामान टॅक्सीनं आणू, तुम्ही हिच्यातनं या."  मी हो म्हटलं.

"निघताना शाळेत फोन करतो," तो म्हणाला.

"कर. पण हरिबा घेईल. त्याला नीट सांग, निघालो म्हणून. गाडीत बसून गेलो असं म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"येतो म्हण," मी म्हटलं.