राठोड मॅडमचे हट्टी कण

आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात फिजिक्सला माणसं तीन: हेड देशमुख सर, कविता राठोड मॅडम आणि मी. कॉम्प्युटर एक. तरी किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्ये तोंड घालतो. बहुतेक मॅडमच्या पीएचडीचे. मुदतीचं शेवटचं वर्ष होतं आणि बाईंनी ठरवलंच होतं, याच वर्षी उरकायचं.

विषय ऐकायला साधा. पुष्कळ क्वांटम कण एकमेकांशी जोडलेले असतात. त्यांची सगळ्यात कमी ऊर्जेची अवस्था कॉम्प्युटरला लवकर शोधता येते का?

*

मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून जीपने येतात. जीप खच्चून भरली तरी ड्रायव्हर म्हणतो, "सरका, आणखी एक बसतो."

एकदा अठ्ठावीस कणांचं गणित चालू होतं. मी म्हणालो, "मॅडम, आणखी एक बसतो की." बसवला. मशीन जागच्या जागी गार!

"सर, जीपमध्ये एक वाढला तर एकच वाढतो. इथं दर कणामागं अख्खी जीप दुप्पट होते."

*

देशमुख सरांचं शेत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. त्यांनी विचारलं, "पण बाई, यात अवघड काय?"

"सर, तिघं भाऊ. पाण्याच्या पाळ्या दोन, दिवसाची अन् रात्रीची. कुणालाच दुसऱ्यासोबत पाळी नको. लावा."

सरांनी कागद घेतला. मधली सुट्टी संपली. "एक जोडी तर भांडणारच."

"बराबर. तर कमीत कमी भांडण कशात, ते शोधायचं. तिघांचं बोटावर होतं. तीनशे भाऊ असले तर?"

"तीनशे? मग पाणी राहू द्या, आधी जेवायला वाढा."

*

मग विद्यापीठातून गाइडचा फोन आला. मॅडमनी सुचवलेली झटपट रीत एका उदाहरणात साफ पडली होती. त्या स्टाफरूममध्ये रडल्या. मलाही फार वाईट वाटलं, आणि मूर्खासारखा म्हणालो, "जाऊ द्या, नसेल सुटत."

त्यांनी डोळे पुसले. "काहून जाऊ द्या? सुटत न्हाई, तर काहून सुटत न्हाई हेच सिद्ध करते."

आणि केलं. नामांकित अवघड कोडी त्यांनी आपल्या कणांत बसवून दाखवली. म्हणजे हे कण ज्याला लवकर सुटले त्याला ती सगळी सुटली. आणि आजवर तसा कुणी निघालेला नाही.

*

पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. तांड्यावरून मॅडमचे वडील आले आणि शेवटच्या रांगेत बसले. बाहेरगावचे परीक्षक तासभर खोदत राहिले. शेवटी म्हणाले, "थोडक्यात, इतक्या वर्षांत तुम्हाला लवकर शोधायची रीत सापडली नाही. बरोबर?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. आवाज हलला नाही, पण हातातला खडू मोडला.

रिवाजाप्रमाणे परीक्षकांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?" देशमुख सर आणि मी खाली बघत होतो. मागून मॅडमचे वडील उठले.

"सायेब, माझ्या पोरीला जे गवसलं न्हाई, ते तुमाला गवसतं का?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "नाही बाबा. मलाही नाही."

"मंग सही करा."