चौदा सेकंद

आमच्या ह्यांचं निम्मं आयुष्य उणे तीस अंशांत गेलं, पण "थंडी वाजतेय" असं कधी तोंडातून निघालं नाही. मी मात्र पंखा दोनवर गेला की पांघरूण शोधते. हे हसायचे, "बाई, तुझं तेल फार लवकर गोठतं!"

काम काय, तर इंजिनाच्या तळातलं तेल ओढून घेणारी एक नळी असते, तोंडाला जाळी लावलेली. कडाक्याच्या थंडीत ती तेल ओढते की नाही, ते बघायचं. इंजिन उणे तीसच्या कोल्ड रूममध्ये सोळा तास ठेवायचं, मग सुरू करून सेकंद मोजायचे. दहाच्या आत तेलाचा काटा हलला, की नळी पास. पण खरी ती पहिलीच वेळ. दुसऱ्यांदा तेल नळीत आधीच चढलेलं असतं, तो आकडा खोटा. मग पुन्हा सोळा तास थांबा.

त्या दिवशी माझा भाऊ आला होता. मी फोनवर फोन केले. "तो तुमच्याशिवाय जेवायला बसत नाहीये. ती मेली नळी काय पळून जातेय का?" तिकडे काटा चौदा सेकंदांनी हलला होता. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि लगेच पुन्हा सुरू केलं. सहा. वहीत सहा लिहिलं आणि घरी आले. भावाशी छान गप्पा मारत जेवले. मला काय कळणार, कप्पाळ!

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, वर बर्फाच्या घाटात, तीच नळी बसवलेल्या एका दुधाच्या गाडीचं इंजिन जाम झालं. ड्रायव्हर सकाळी सापडला, गोठलेला. ते इंजिन ह्यांच्याच टेबलावर उघडलं. वरचे भाग कोरडे ठणठणीत, तळात तेल भरलेलं. चौकशीवाल्यांनी लिहिलं, ड्रायव्हरने चुकीचं तेल घातलं, त्याचीच हलगर्जी. हे मूग गिळून बसले.

तेव्हापासून घरात मोजणं सुरू झालं. मी नळ सोडला की मागून हळूच, "एक, दोन, तीन..." नात स्ट्रॉने ग्लासचा तळ फर्रफर्र ओढायला लागली, की हे पांढरेफटक पडून उठून जायचे. थंडीत पंप तेलाऐवजी हवा ओढतो, त्याचा हाच आवाज, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

"ताटावर बसलो की तो ड्रायव्हर समोर येऊन बसतो गं," शेवटी एकदा वहीतल्या खोट्या आकड्याचं सांगून म्हणाले. "जेवत नाही. नुसता बघतो."

खरं सांगते, मला रागच आला. "मग सांगून टाका ना एकदाचं! असं कुढत किती दिवस काढणार?"

गेल्या महिन्यात त्यांनी कंपनीला पत्र दिलं. त्यातली तारीख वाचून मला भाऊ आला होता तो दिवस आठवला. माझ्या फोनचा पत्रात एक शब्द नव्हता.

मग आम्ही ड्रायव्हरच्या आईकडे गेलो. खुंटीला त्याचं स्वेटर अजून तसंच होतं. ह्यांनी सगळं सांगितलं, चौदा आणि सहासकट. म्हातारी रडली नाही.

"म्हणजे माझ्या पोराने तेल बरोबरच घातलं होतं."

"हो, आई."

तिने खुंटीवरचं स्वेटर काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुला एवढी घाई कसली होती रे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "थंडी वाजत होती, आई."

जन्मात दुसऱ्यांदा खोटं बोलला हा माणूस, आणि दोन्ही वेळा माझ्यापायी. मी पुढे सरकले.

"थंडी नव्हती हो," म्हटलं. "मी बोलावलं होतं त्यांना. जेवायला."